सहा एक्केचाळीसवर माझी हरकत

आमच्या शाळेच्या प्रिन्सिपॉल फादरांनी मला बोलावून घेतलं आणि "तुमच्यासारख्या माणसाची शाळेला गरज आहे" असं म्हटलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नुसती भिंत होती आणि तिच्यावर आजवरच्या सगळ्या प्रिन्सिपॉलांचे फोटो. सगळे माझ्याकडे संशयाने बघत होते.

शाळा पाद्र्यांची. दरवर्षी ती एक नामवंत माजी विद्यार्थी आणि एक श्रेष्ठ माजी खेळाडू निवडते, त्यांना शाल घालते आणि दोन तास त्यांचं भाषण ऐकते. नामवंत म्हणजे कोण, तर गाडीतून उतरताना ज्याचं दार दुसरा कोणीतरी उघडतो तो. मी दरवर्षी मागच्या रांगेत बसतो आणि शेजारच्याला हे सांगतो. शेजारचा पुढच्या वर्षी दुसरीकडे बसतो.

पण गेल्या वर्षी घोटाळा झाला. ज्याला 'शाळेचं भूषण' म्हणून शाल घातली, तो शालीसकट खाली उतरला तेव्हा दारात दोन पोलीस उभे होते. त्यांनीही गाडीचं दार उघडलं, पण स्वतःच्या गाडीचं.

फादरांनी याचा धसका घेतला. दोनच वर्षांपूर्वी ते कुठल्याशा लांबच्या मिशनमधून बदलून आले होते. त्यांनी चर्चच्या जुन्या वहिवाटीतून एक उपाय शोधून काढला. पूर्वी कुणाला संत ठरवायचं असलं की चर्च एक माणूस नेमायचं. त्याचं काम एवढंच, की विरोध करायचा. चमत्कार खरा होता का? ताप आपोआप उतरला नसेल कशावरून? सगळ्या हरकतींना पुरून उरला तरच तो संत.

"म्हणजे सैतानाचा वकील," मी म्हणालो.

"आपण हरकतदार म्हणू," फादर म्हणाले. "नोटीस बोर्डावर बरं दिसतं. तुम्ही ते काम करावं, असं मला वाटतं. तुमच्याबद्दल मी बरंच ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

"तेच."

मी छाती फुगवून होकार दिला. जन्मभर जे मी घरात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि न्हाव्याकडे शिव्या खाऊन करत आलो होतो, त्याला आज एका धर्मसंस्थेने पद दिलं होतं.

"सुरुवात खेळाडूपासून करा," फादर म्हणाले आणि खिडकीतून मैदानाकडे पाहू लागले. "लांब उडी. सहा मीटर एक्केचाळीस. चौतीस वर्षांत कोणाला मोडता आलेला नाही. आधीच्या विक्रमापेक्षा एकदम पंचेचाळीस सेंटिमीटर जास्त. म्हणजे... मला काही नाही. आपलं नुसतं कुतूहल."

मी फाइल उघडली आणि बंद केली. फोटो माझ्या बायकोच्या मोठ्या भावाचा होता.

हा माझा मेव्हणा शाळेत माझ्या एक वर्ष पुढे. तेव्हा त्याला सगळे टोळ म्हणायचे. आता त्याचं गाद्यांचं दुकान आहे आणि त्याच्याकडे पाहून टोळ सोडा, उडणारी कुठलीच गोष्ट आठवत नाही. पण ती उडी हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव सोनं. दुकानात गल्ल्याच्या वर हवेत तरंगणाऱ्या टोळाचा फोटो. गाडीचा नंबर सहाशे एक्केचाळीस. मोबाइलचे शेवटचे आकडे तेच. गिऱ्हाईक गादीवर बसलं की हा सांगणार, "ज्या माणसाने सहा एक्केचाळीस उडी मारलीय, त्याला विचारा पाठीचं दुखणं काय असतं!"

आणि मी तेवीस वर्षं एकच विचार करत आलोय. पावसाचं डबकं आलं की हा माणूस नेमका त्याच्या मधोमध पाय देतो. तो सहा एक्केचाळीस उडला कसा?

बातमी मी घरी सांगितली. बायको भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही दादाच्या विरोधात बोलणार?"

"विरोधात नाही. हरकत घेणार. ते पद आहे."

"आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं कधी काही झालं नाही हो. बाबा गेले ते सुद्धा दादाची उडी सांगत गेले. त्याला एकदा स्टेजवर जाऊ दे. मग घ्या काय हरकती घ्यायच्या त्या. माझ्या घ्या."

"तुझ्या रोज घेतोच."

त्या दिवशी भाजी निवडायचीच राहिली.

समोरचे काका कोर्टात तीस वर्षं कारकून होते. दुसऱ्यांचे खटले बघून बघून त्यांना न्यायाधीशांपेक्षा जास्त कळतं, असं ते स्वतःच सांगतात. दार उघडं दिसलं की ते आत येतात. आले.

"नात्यातली केस घेऊ नये," ते म्हणाले. "घेतली तर हरावी. हरायची नसेल तर तारीख मागावी. मी एक केस बघितलीय, तारीख मागता मागता दोन्ही पक्ष वारले. अतिशय शांततेत मिटली."

"मला कागद बघायचेत, काका. कसा उडला ते बघायचंय."

"कागद?" काकांचे डोळे चमकले. "मग मूळ प्रत मागा. नक्कल घेऊ नका. कोणी काहीही देईल, मूळ प्रतीला चिकटून राहा."

मी शाळेच्या ऑफिसात जाऊन त्या वर्षीच्या क्रीडामहोत्सवाच्या नोंदवहीची मूळ प्रत मागितली. ऑफिसात सिस्टर बसतात. त्यांच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखलेली आहे. त्यांनी माझं नाव, वर्ष, तुकडी विचारली, कपाटातून एक लांबलचक रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"रेकॉर्ड रूममध्ये फक्त शिक्षक आणि माजी विद्यार्थी जाऊ शकतात."

"मी माजी विद्यार्थीच आहे."

"नाही," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही. आमच्या रजिस्टरप्रमाणे तुम्ही अजून दहावी ब मध्ये आहात."

दहावीनंतर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, एका छापखान्यात चिकटलो, त्यामुळे दाखल्याची गरजच पडली नाही. एवढ्या एका कारणासाठी मी तेहतीस वर्षं दहावीत? बरं, गैरहजेरी केवढी झाली असेल!

"मग आत्ता द्या दाखला."

"पालकांची चिठ्ठी आणा."

मी डोक्यावरून हात फिरवला. तिथे केस नाहीत, हे त्यांना दिसावं म्हणून मुद्दाम फिरवला. सिस्टरनी खडूच्या चौकटीतलं पेन उचललं आणि चिठ्ठीचा नमुना माझ्या हातात दिला.

माझे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा लावून नमुना दोनदा वाचला.

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. दाखला राहिलाय."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, दाखला आण. म्हटलं होतं की नाही?" त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अकलेने एक ओळ जोडली: 'मुलगा उलट बोलतो, योग्य ती समज द्यावी.'

पुढे वर्गशिक्षकांची सही लागत होती. माझे वर्गशिक्षक देवाघरी गेलेले. म्हणून सध्याच्या दहावी ब च्या बाईंकडे मला पाठवलं. बाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. तास चालू होता. त्यांनी मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं, आणि मी बसलो. त्रिकोणांची समरूपता ऐकली. ती मला तेव्हाही कळली नव्हती. तास संपल्यावर बाईंनी वडिलांची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढे लिहिलं: 'सुधारण्यास वाव आहे'.

तो दाखला घेऊन मी एकदाचा माजी झालो.

दरम्यान फादर मला दोनदा जिन्यात भेटले. दोन्ही वेळा "काही सापडलं?" असं विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर न ऐकता "मला काही नाही, सहज" असं म्हणून निघून गेले. कामाची काळजी असलेला माणूस, असं मला वाटलं.

रेकॉर्ड रूममध्ये वह्या मिळाल्या. त्या वर्षीच्या वहीत लांब उडी, पहिला: छाती क्रमांक नऊ, सहा एक्केचाळीस. नऊ म्हणजे टोळ, कारण फोटोत त्याच्या छातीवर नऊ आहे. दुसरा पाच एकोणनव्वद, तिसरा पाच ऐंशी. मी चमकलो. आदल्या वर्षीचा पहिला नंबर पाच एकतीस होता. एका वर्षात शाळेतली सगळीच पोरं अर्धा अर्धा मीटर लांब उडायला लागली? गोळाफेकीतही तेच. सगळ्यांचे गोळे अर्धा मीटर पुढे. त्यानंतरच्या वर्षी सगळे पुन्हा मागे.

मागच्या वह्यांत जुना विक्रम सापडला. दोन वर्षं आधीचा: छाती क्रमांक सतरा, पाच शहाण्णव. कोण हा सतरा? वहीत नावं नव्हती, नुसते क्रमांक. नाव कळेल म्हणून मी हॉलमधल्या लाकडी फलकापाशी गेलो. तिथे जुन्या नावावर रंग मारून टोळाचं नाव काढलेलं. मी खुर्चीवर चढून, मान तिरकी करून खालचं नाव दिसतंय का बघितलं. एक उकार दिसल्यासारखा वाटला. मग खुर्ची हलली आणि मला फक्त छत दिसलं.

कंबर धरून मी आमच्या खेळाच्या सरांकडे गेलो. सर चौऱ्याऐंशीचे. खुर्चीत ताठ बसतात आणि समोरच्यालाही ताठ बसवतात. मला त्या दिवशी ते जमण्यासारखं नव्हतं.

"सर, त्या वर्षी हवेत काय होतं?"

"हवेत काही नव्हतं. फितीत होतं," सर म्हणाले. "मोजायची कापडी फीत. तिचं टोक सायकलच्या साखळीत जाऊन फाटलं. पहिले पन्नास सेंटिमीटर गेले. नवी मागितली, तर ऑफिसचं उत्तर आलं, उपलब्ध फितीचा वापर करावा. मग मी काय करायचो? आलेल्या आकड्यातून पन्नास वजा करून लिहायचो. तीन वर्षं चाललं. पुढे नवी फीत आली."

"पण त्या वर्षी वजा केलेले दिसत नाहीत."

"त्या वर्षी मी तापाने घरी होतो. चित्रकलेच्या मास्तरांना उभं केलं होतं." सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि फीत धरायला एका पोराला नेमलं होतं. शिक्षा म्हणून. फार उलट बोलायचा. आदल्या दिवशी त्याला घरी बोलावून सांगितलं, की मास्तरांना सांग, पन्नास वजा करा."

 इतकी वर्षं विसरलेलं ते घर मला एकदम आठवलं, ती खाट आठवली, काढ्याचा वास आठवला.

"मी सांगायला गेलो होतो, सर," मी म्हणालो. माझा आवाज नववीतला आला. "तोंड उघडलं, तर मास्तर म्हणाले, तोंड बंद ठेव. मी ठेवलं."

"आयुष्यात एकदा कुणाचं तरी ऐकलंस," सर म्हणाले, "आणि ते हे."

घ्या! चौतीस वर्षं शाळेने भिंतीवर जो खोटा आकडा मिरवला, तो माझ्या गप्प बसण्याचा होता. गावाला बोलण्याबद्दल माफी मागत आलो, आणि खरा गुन्हा केला तो न बोलून.

निघताना मी विचारलं, "सर, हा सतरा नंबर कोण?"

सर बराच वेळ हसले. "होता एक बोर्डिंगातला. उडी मारण्याआधी छातीवर क्रूस करायचा आणि कमी पडली की वाळूत बसून शिव्या द्यायचा. पुढे बिघडला नाही, एवढं ऐकलंय."

आता प्रश्न टोळाचा. सुनावणीआधी त्याला सांगणं भाग होतं. मी दुकानात गेलो. कंबर बघून त्याने मला लगेच एका गादीवर आडवं केलं, आणि आडव्या माणसाला जेवढ्या सभ्यपणे सांगता येतं तेवढ्या सभ्यपणे मी सगळं सांगितलं. फीत, पन्नास, मास्तर, मी. म्हणजे तुझी उडी पाच एक्क्याण्णव.

तो शेजारच्या गादीवर बसला. गादी निम्मी खाली गेली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"फितीचं नव्हे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत खड्ड्यात गेलो होतो. सहाच्या जागी काठी रोवली आणि एकवीस उड्या मारल्या. काठीला एकदाही पाय लागला नाही. म्हटलं, काल देव उतरला असेल अंगात, आज निघून गेला. घरी आलो तर बाबा गल्लीभर सांगत सुटले होते. त्यांना काय सांगू?"

मी गप्प राहिलो. हे मला जमतं, असं नुकतंच सिद्ध झालं होतं.

"बोलणार आहेस उद्या?"

"तू सांग."

"बोल," तो म्हणाला. "पण सगळं बोल. फीत कुणाच्या हातात होती तेही बोल. मला एकट्याला खाली पाडू नकोस."

सुनावणीच्या दिवशी मी बूट घालत होतो, तेव्हा बायको दारात उभी होती. दादाने तिला सगळं सांगितलं होतं. तिचे डोळे लाल होते.

"एक विचारते," ती म्हणाली. "खरं बोलायला निघालात, की स्वतः मोठं व्हायला?"

मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा या बाईला उलट उत्तर दिलं नाही. जिन्यात काका भेटले. त्यांनी माझ्या कानात "तारीख मागा" असं सांगितलं.

सुनावणी लायब्ररीत होती. लांब टेबलाच्या एका टोकाला फादर, शेजारी इतिवृत्त लिहायला सिस्टर, आणि निवड समितीचे दोन सभासद: एक दातांचे डॉक्टर, एक बँकेचे मॅनेजर. दोघेही घड्याळं बघायलाच आल्यासारखे. दाराशी टोळ बसला होता, कारण चर्चच्या वहिवाटीत संत होणारा हजर नसतो, पण इथे तो जिवंत होता. त्याच्या शेजारी माझी बायको. ती कुठल्याच नियमात बसत नव्हती, पण तिला उठ म्हणायची सिस्टरनाही छाती झाली नाही.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. वही दाखवली, अर्धा मीटर पुढे पडलेले गोळे दाखवले. आणि मग घसा खाकरून म्हणालो, "फीत ज्या मुलाने धरली होती, त्याला निरोप दिलेला होता. त्याने तो पोचवला नाही. तो मुलगा मी."

डॉक्टर जागे झाले. "म्हणजे हरकत घेणारा तुम्हीच आणि चूक करणारा तुम्हीच?"

"हो. कामाची सोय झाली."

"पण पत्रिका छापून झाल्यात हो," मॅनेजर कळवळले. "सहा एक्केचाळीस जाड टाइपात आहे."

फादरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते विलक्षण शांत होते.  "शेवटचा शब्द उमेदवाराचा," ते म्हणाले.

टोळ उठला. "मला मान्य आहे," तो म्हणाला. "उडी मारणं काही अवघड नसतं, फादर. चौतीस वर्षं हवेत राहायचं म्हणजे माणूस थकतो. मला उतरवा." आणि खाली बसला. माझ्या बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात फिरवताना माझ्याकडे पाहिलं. ती नजर अगदी गोड नव्हती, पण घरी जेवण मिळेल इतपत होती.

फादर म्हणाले, "त्या दिवशी फीत सगळ्यांना एकच होती. त्यामुळे यांचा पहिला नंबर खरा, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. विक्रम मात्र रद्द. सन्मान यंदा कोणालाच नाही." त्यांनी एक लांब श्वास घेतला. "सिस्टर, लिहा. शाळेचा लांब उडीचा विक्रम पूर्ववत... कोणाचा आहे तो?"

"नाव मिळालं नाही, फादर," मी वहीत पाहून म्हणालो. "छाती क्रमांक सतरा. पाच शहाण्णव."

"सत्त्याण्णव," फादर म्हणाले.



सिस्टरचं पेन थांबलं. डॉक्टरांनी मॅनेजरकडे पाहिलं. टोळाने फादरांच्या उंच अंगलटीकडे, लांब पायांकडे एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि त्याचं तोंड उघडं पडलं. पाद्री होण्याआधी माणसाने कुठेतरी दहावी केलेली असते, कुठल्यातरी बोर्डिंगात राहिलेला असतो, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फादरांचे दोन्ही कान लालभडक झाले होते. आणि मला जिना आठवला, खिडकी आठवली. हरकतदार नेमून त्यांनी पहिली फाइल हीच का दिली, हेही उमगलं. स्वतः मागता येत नाही, कारण ते गर्वात जमा होतं. सोडताही येत नाही.

"फादर," सिस्टरनी हळू आवाजात विचारलं, "इतिवृत्तात कोणता आकडा लिहू?"

"शहाण्णव," फादर खाली मान घालून म्हणाले. "वहीत आहे तोच. माझं... सोडून द्या. चुकून बोललो."

तो माणूस इतका केविलवाणा दिसत होता, की मला राहवलं नाही. मी पुन्हा उभा राहिलो.

"माझी हरकत आहे," मी म्हणालो. "एका सेंटिमीटरची."

"आधार?" सिस्टरनी विचारलं.

मी फादरांकडे पाहिलं. टोळाने पाहिलं, माझ्या बायकोनेही पाहिलं. फादरांनी खिडकीतून बाहेरच्या वाळूच्या खड्ड्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग छताकडे. आणि इतकी वर्षं कुणापाशी न बोललेली तक्रार शेवटी त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"सरांचा अंगठा फार जाड होता हो," ते म्हणाले. "फितीवर ठेवला की आकडाच झाकायचा!"